सोमवारची तपासणी

रामनाथ भोईर कामतघरचा. त्याचा बाप दाजी निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम, कापड विणायचे माग, दुरुस्त करणारा. साठ लूमच्या खडखडाटात उभा राहून दाजी नुसतं बोट दाखवायचा, "त्यो तिसरा बघ, दुपारपर्यंत बंद पडतोय." आणि पडायचा. रामनाथ शाळा संपल्यावर दोन वर्षं बापाच्या हाताखाली राबला. मग दाजीनेच त्याला तिथून हुसकून लावलं. "माझे कान ग्येले. तुझे तरी ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि ठाण्याच्या आयटीआयमध्ये त्याचं नाव घालून आला.

तिथून रामनाथ फिटर होऊन बाहेर पडला आणि जुहूच्या विमानतळावर एका लहानशा खाजगी कंपनीत हेल्पर म्हणून लागला. कंपनीकडे हेलिकॉप्टरं दोनच. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना न्यायचं आणि आणायचं, एवढंच त्यांचं काम. पुसणं, तेल घालणं, पाने हातात देणं करत करत रामनाथ शिकत गेला. तपासणीवर सही करायचा परवाना हवा तर विमान खात्याची परीक्षा द्यावी लागे, तीही इंग्रजीतून. तीनदा नापास झाला. चौथ्यांदा, त्र्याऐंशी साली पास झाला तेव्हा दाजीने अख्ख्या आळीत पेढे वाटले.

आळीतल्या लोकांना मात्र शेवटपर्यंत त्याचं काम कळलं नाही.

"म्हंजे तू इमान चालवतोस?"

"न्हाय. तपासतो."

"तिकिटं तपासतोस?"

रामनाथ हसून सोडून द्यायचा. बायकोला, अनसूयेला, मात्र त्याने नीट समजावलं होतं. हेलिकॉप्टरच्या प्रत्येक भागाचं आयुष्य ठरलेलं असतं. तेवढे तास उडून झाले की तो भाग कितीही चांगला दिसो, काढून टाकायचा. शिवाय जगात कुठंही एखादा भाग तडकलेला सापडला, की सगळ्यांना हुकूम सुटतो: अमुक नंबरचे भाग इतक्या तासांच्या आत उघडून तपासा, खराब असेल तर बदला, त्याशिवाय उडायचं नाही.

अनसूया ऐकून म्हणाली, "म्हंजे आधी कुणीतरी पडायला लागतं, मग बाकीच्यांचं तपासतात."



आठवडाभर तो वर्सोव्याला एका कोळ्याच्या घरी खोली घेऊन राही. शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी यायचा. अनसूयेचं माहेर वडप्याचं. तिची आई राहीबाई विधवा. हायवेला लागून थोडी भातशेती, घरात एकुलता एक मुलगा बाळाराम. राहीबाईच्या घरून कुणी लवकर उठून गेलं असं कधी झालं नाही. पाहुणा चप्पल शोधायला लागला की ही चप्पल लपवायची. "बस रं, भाकरी टाकलीय," म्हणायची, आणि चूल अजून पेटलेलीही नसायची.

बाळाराम तेवीस-चोवीस वर्षांचा झाला तरी कुठं टिकेना. लूमवर कंटाळला, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, परत आला. शेवटी रामनाथने शब्द टाकून त्याला समुद्रातल्या एका तेलविहिरीवर, तिथल्या भटारखान्यात लावून दिला. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. पोरगा एकदम मार्गी लागला. सुट्टीवर आला की ऐटीत सांगायचा, "भावोजी मशीन तपासतात, तवा मी उडतो." राहीबाईला जावयाचं कोण कौतुक!

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात रामनाथच्या धाकट्या भावाचं, मोरूचं लग्न निघालं. सोमवारी हळद, मंगळवारी लग्न. बाळारामची पाळी नेमकी समुद्रावरची. तो रुसून गेला. जाताना म्हणाला, "माझ्याबिगर नाचा आता. बघतो कसा रंग चढतो."

लग्नाच्या आधीच्या शनिवारी दुपारी कंपनीत हुकूम येऊन पडला. हेलिकॉप्टरच्या शेपटीला जो छोटा पंखा असतो, त्याची पाती धातूच्या मुठीत बसवलेली असतात. त्या मुठींना परदेशात दोन ठिकाणी चीर सापडली होती. पंचवीस तास उडण्याच्या आत सगळ्यांनी मुठी उतरवून तपासायच्या. कंपनीचं एक हेलिकॉप्टर इंजिन काढून उभं होतं, त्याला आणखी महिनाभर लागणार होता. राहिलं एकच. रविवार सोडून ते दिवसाला पाच तास उडे. म्हणजे शुक्रवारपर्यंत मुदत होती.

"सोमवारी सकाळी येऊन मी उघडतो," रामनाथ मॅनेजर सबनीसांना म्हणाला. "दुपारपर्यंत मोकळा होईन. संध्याकाळी हळदीला पोचतो."

सोमवारी पहाटे उठून तो कपडे घालून अंगणात आला, तर राहीबाई मांडवात बसून तांदूळ पाखडत होती. लग्नघरी मदतीला ती दोन दिवस आधीच येऊन राहिली होती.

"कुठं निघालाव जावयबापू?"

"कामावर. दुपारी येतो परत."

"हलदीच्या दिशी थोरला भाव कामावर?" तिने सूप खाली ठेवलं. "एक दिस न्हाय ग्येलाव तं काय इमान पडतंय का? बाळू न्हाय, तुमी बी न्हाय. मांडवात बघायचं कुनाकडं?"

अनसूया दारात उभी राहून हसली. दाजी म्हणाला, "ती बरोबर बोलतेय."

रामनाथने मनात हिशोब मांडला. आज पाच तास, उद्या पाच तास, परवा गेल्यावर उघडायचं. दहाच होतात. पंचवीसची मुदत. नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसातून त्याने फोन लावला. सबनीस म्हणाले, "मुदतीत बसतंय ना? मग बुधवारी करा. भावाचं लग्न काय रोज असतं का?"

तो सोमवार फार छान गेला. रामनाथ कधी नाचत नसे. त्या दिवशी नाचला. राहीबाईने त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली, बायका धवले गात होत्या, दाजीला ऐकू येत नव्हतं तरी तो ठेका धरून होता.  इतका आनंद त्याला पुन्हा कधी झाला नाही.

बुधवारी सकाळी तो हँगरमध्ये पोचला. पंख्याच्या मुठी उतरवल्या, धुतल्या, कोरड्या केल्या. त्यांना लाल रंगाचं पातळ औषध लावलं. ते चिरेत झिरपतं. मग वरचं सगळं पुसून पांढरी पूड फवारली आणि वाट बघत बसला. पहिली मूठ स्वच्छ राहिली. दुसरीवर बोल्टच्या भोकापाशी पांढऱ्यावर एक लाल धागा उमटला. अर्ध्या इंचाचा. केसाएवढा.

त्याने मूठ परत धुतली. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. धागा पुन्हा उमटला. भिंगाखाली धरला, तिसऱ्यांदा केलं. मग जाऊन सबनीसांना बोलावून आणलं. मुठीला लाल चिठ्ठी बांधली. नवी मूठ कंपनीच्या स्टोअरमध्ये नव्हती, इंजिन काढलेलं हेलिकॉप्टर वेगळ्या बनावटीचं, त्याची मूठ चालली नसती. सिंगापूरहूनच मागवायची. टेलेक्स गेला. तीन दिवस लागतील असं उत्तर आलं, शनिवार.

"बरं झालं बघितलंत," सबनीस म्हणाले. "कालपर्यंत दहा-बारा माणसं घेऊन उडत होतं हे."

रामनाथने मूठ बाकावर ठेवली. 

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास सबनीस कागद हातात घेऊन हँगरमध्ये आले. तेलविहिरीवरून वायरलेस आला होता. एक माणूस रात्रीपासून पोटदुखीने तळमळतोय, तिथला डॉक्टर म्हणतो अपेंडिक्स आहे, आजच्या आज ऑपरेशन व्हायला हवं.

"भटारखान्यातला आहे," सबनीस म्हणाले. "तारे. बाळाराम तारे."

रामनाथने हातातला पाना बाकावर ठेवला. "माझा मेव्हणा आहे," तो म्हणाला.

सबनीसांनी लगेच दुसऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांचं हेलिकॉप्टर गुजरातेत गेलेलं. दुपारी सांगतो म्हणाले. तोवर कंपनीचे जुने पायलट हँगरमध्ये आले. फौजेतून निवृत्त झालेला, धिप्पाड, कशाला न भिणारा माणूस. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत.

"भोईर, पुरानी वाली लगा दे," ते म्हणाले. "परसों तक इसी पे उड़ रहा था मैं. दो घंटे की तो बात है."

"परसों तक पता नहीं था, साब."

"अरे, तेरा अपना आदमी है!"

"हाँ साब."

सबनीस बाजूला खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. निर्णय त्यांनी रामनाथवर सोडला. बाकावर दोन्ही मुठी ठेवलेल्या होत्या. बसवायला दीड तास लागला असता. रामनाथने लाल चिठ्ठीवर हात ठेवला. चिठ्ठीची गाठ त्यानेच बांधली होती, सोडवायचा अधिकारही त्याचाच होता. कॅप्टनसाहेब, त्यांच्या शेजारचा पायलट, सोबतीला येणारा डॉक्टर आणि बाळू. चार माणसं, खाली साठ-सत्तर मैल पाणी.

"नहीं लगेगा, साब," तो म्हणाला. 

कॅप्टनसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बाहेर जाऊन सिगारेट पेटवली.

दुसऱ्या कंपनीचं हेलिकॉप्टर येईल येईल म्हणत तिकडे दुपार गेली. तीनच्या सुमाराला नाही असं कळलं. मग बाळारामला सामान ने-आण करणाऱ्या बोटीत घातलं. बोट शुक्रवारी सकाळी गोदीत लागली तेव्हा रामनाथ धक्क्यावर उभा होता. बाळारामला ब्लँकेटमध्ये गुंडाळून उतरवलं. तोंडही झाकलेलं होतं. बोटीवरचा खलाशी म्हणाला, "सुबह चार बजे तक बोल रहा था. भूख लगी है, बोला."

वडप्याला प्रेत नेलं तेव्हा राहीबाईने टाहो फोडला नाही. ती मुलाचे पाय चोळत बसली, गार पडलेत म्हणून. कामतघरला मोरूच्या लग्नाचा मांडव अजून उतरवायचा होता.

नवी मूठ शनिवारी सकाळी आली. सांगितल्याप्रमाणे, बरोबर तीन दिवसांनी. सुतक असूनही रामनाथ जाऊन ती बसवून आला, कारण सही करणारा दुसरा कुणी नव्हता. बसवताना त्याच्या डोक्यात हिशोब सुरू झाला, तो मग कधी थांबलाच नाही. बुधवारी मागवली, शनिवारी आली. सोमवारी मागवली असती तर गुरुवारी सकाळी आली असती. दीड तास बसवायला. अकरा-साडेअकराला मशीन हवेत. दुपारी दोनच्या आत बाळू इस्पितळात.

दोन महिन्यांनी चिरलेल्या मुठीचा अहवाल परदेशातून आला. चीर खरी होती, आतपर्यंत गेलेली. आणखी तास-दोन तासांत मूठ तुटली असती. कंपनीने छोटासा समारंभ केला, रामनाथला मनगटी घड्याळ आणि प्रशस्तिपत्र दिलं. कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मी मूर्खासारखा हट्ट करत होतो आणि या माणसाने आपला सख्खा मेव्हणा समुद्रात असताना नाही म्हटलं, म्हणून मी आज इथं उभा आहे. टाळ्या पडल्या. दाजीने प्रशस्तिपत्र फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं.

ही हकिगत घरच्यांना कळायचीच होती. अनसूया दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, "तुमी मशीन पाठवलं असतं तर चार मढी आली असती. मला कळतंय. कळायला जरा येळ लागला." राहीबाईने तर जावयावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "माझं नशीब फुटकं. तुमी बरोबर क्येलंत," म्हणाली.

नाही म्हटल्याचा पस्तावा रामनाथला कधीच झाला नाही. लोक त्याच्याकडे हळहळून बघत ते त्या गुरुवारसाठी. सोमवारचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. सबनीस विसरले होते. मुदतीच्या आत तपासणी झाली होती, कागदावर सगळं चोख. आणि रामनाथला ते सांगताही येईना. सांगायचं म्हटलं की सूप हातात घेतलेली राहीबाई डोळ्यांसमोर यायची.

त्यानंतर तो बदलला. हुकूम आला की त्याच दिवशी मशीन उघडायचं, मग मुदत महिन्याची का असेना. दिवाळीत गेला, गणपतीत गेला. एक्याण्णव साली दाजी गेला, त्या सकाळी घरून निरोप आला होता की लवकर ये. रामनाथ हातातली तपासणी संपवून निघाला. पोचला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मोरू सगळ्यांसमोर ओरडला, "तुझ्या सायबाला दुसरा मानूस मिळत न्हाय? बाप मेला रं तुजा!" दोघा भावांचं बोलणं त्यानंतर वर्षभर बंद होतं. थोरल्या मुलीचा, सरलाचा साखरपुडा झाला, तेव्हाही तो हँगरमध्येच होता. त्या वेळी काही सापडलं नाही. बहुतेक वेळा काही सापडायचं नाहीच.

अनसूया सुरुवातीला भांडली. मग तिने भांडणं सोडलं. कुठल्याही समारंभाला निघताना ती आपली आपण तयार व्हायची, विचारायचीसुद्धा नाही.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सरलाचं लग्न झालं. या वेळी रामनाथने रजा टाकली होती. पण हळदीला तो मांडवात बसला नाही, मागच्या अंगणात आचाऱ्याला पाणी भरून देत राहिला. लग्न पार पडल्यावर आठवड्याने तो राहीबाईला आहेराचं लुगडं द्यायला वडप्याला गेला. गाव ओळखू येत नव्हतं. हायवेच्या कडेने गोडाऊनं उठत होती, राहीबाईच्या शेताशेजारी पत्र्याची भिंत आली होती. ती ओटीवर बसून सुकट निवडत होती. साठी उलटलेली, नजर कमी झालेली.

"बसा," ती म्हणाली. "एक इचारू? बाळू ग्येल्यापासून तुमी कुनाच्या हलदीला बसला न्हाय. पोटच्या पोरीच्या बी न्हाय. क्याला?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. रामनाथ ओटीच्या कडेला बसला आणि बोलायला लागला. हुकूम शनिवारी आला होता, सोमवारी उघडणार होतो, हळदीसाठी राहिलो. सोमवारी उघडलं असतं तर गुरुवारी मशीन तयार असतं. त्याने तासांचा हिशोबसुद्धा सांगितला. ती काय बोलली होती, ते मात्र त्याने गाळलं. 'मीच राहिलो,' एवढंच म्हणाला. तिला आठवत नसेल असं त्याने स्वतःला समजावलं होतं. बोलता बोलता त्याला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. छातीवरचा दगड हलल्यासारखं.

राहीबाईचे हात सुकटीत तसेच राहिले.

"तुमी निघाला व्हतात," ती म्हणाली. "कपडे घालून."

"आई..."

"मी बोलले. इमान पडतंय का, असं बोलले मी."

"न्हाय आई, तुमी न्हाय. मलाच जायचं नव्हतं."

"मी सूप ठेवलं खाली आनि बोलले." ती रस्त्याकडे बघत होती. "मला आठवतंय ना सगळं."

रामनाथ खूप काही बोलला. दाजीही बोलला होता, अनसूयाही हसली होती, सबनीसांनीही हो म्हटलं होतं, नियमात बसत होतं, चीर असेल हे कुणाला ठाऊक होतं. राहीबाईने मान हलवली, पण ती ऐकत नव्हती. जरा वेळाने तिने सुकटीचं ताट उचललं आणि आत गेली. चहा घेऊन बाहेर आली. त्याने चहा घेतला आणि उठला. नेहमीसारखी त्याची चप्पल लपवलेली नव्हती. ती दारात उभी राहून म्हणाली, "उशीर करू नका. निघा."

घरी येऊन त्याने अनसूयेला सगळं सांगितलं, सोमवारपासून वडप्याच्या ओटीपर्यंत. ती ऐकत राहिली.

"सोमवारचं मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मी बी मोजलेत दिस. मोजता मला बी येतं. पन मी आईला कवा सांगितलं न्हाय."

"मला वाटलं, हलकं होईल."

"झालं ना. तुमचं."

एवढं बोलून ती आत गेली आणि पुन्हा त्या विषयावर कधी बोलली नाही.

राहीबाई त्यानंतर तीन वर्षं जगली. तिच्या घरी जाणारे-येणारे कमी झाले नाहीत, भाकरीही मिळायची. पण कुणी निघतो म्हटलं की ती लगबगीने उठायची, पिशवी हातात द्यायची, गाडीची वेळ सांगायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी वयाने तुटक झाली. मोरूची पोरं तिथं राहायला जायचा हट्ट करत, त्यांनाही ती अंधार पडायच्या आत घरी धाडून द्यायची.

रामनाथ दर रविवारी तिच्याकडे जाई. दोघं ओटीवर बसत. शेताशेजारच्या गोडाऊनमध्ये ट्रक लागत, हमाल गाठी उतरवत, ती दोघं ते बघत राहत. एकदा त्याने धीर करून विषय काढला, "आई, मी तुम्हांला सांगायला नको होतं."

राहीबाईने हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "इचारलं मीच ना." आणि त्याच्यापुढे शेंगांची टोपली सरकवली.